ट्रकचालकांचे अनियमित कामाचे तास व रात्रीचे वाहनचालन

ट्रकचालकांचे अनियमित कामाचे तास म्हणजे आरंभ व शेवट निश्चित नसलेली, दिवसागणिक बदलणारी आणि बहुधा रात्रीत पसरणारी कामाची वेळ होय. कारखान्यातील रात्रपाळीचे वेळापत्रक आधी माहीत असते व ती ठरावीक दिवसांनी बदलते. ट्रकचालकाची रात्र मात्र माल कधी भरला जाईल, शहराची हद्द कधी खुली होईल आणि उतरवून घेणारा माणूस कधी भेटेल, यांवर ठरते. त्यामुळे एकाच आठवड्यात त्याची झोप कधी पहाटे, कधी दुपारी, तर कधी दोन-दोन तासांच्या तुकड्यांत होते. या स्थितीचा संबंध चालकाच्या आरोग्याशी, मालवाहतुकीच्या अर्थकारणाशी आणि रस्ता वापरणाऱ्या सर्वांच्या सुरक्षिततेशी आहे. प्रस्तुत लेखात मुख्यतः भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, स्थितीचा विचार केला आहे.

रात्री वाहतूक होण्याची कारणे

चालक रात्री गाडी चालवतो ते त्याला रात्र आवडते म्हणून, असा एक समज आढळतो. रात्री रस्ता मोकळा मिळतो, इंजिन व टायर कमी तापतात आणि उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातील दुपार टाळता येते, हे खरे आहे. तथापि, रात्रीच्या वाहतुकीची प्रमुख कारणे चालकाच्या निवडीबाहेरची आहेत.

पहिले कारण शहरांतील प्रवेशबंदीचे आहे. मुंबई, ठाणे, पुणे, दिल्ली यांसारख्या शहरांत दिवसाच्या गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. नागरिकांच्या दृष्टीने ही सोय रास्त आहे. परंतु तिचा परिणाम असा की बंदी उठण्याच्या वेळेवर शेकडो गाड्यांचा प्रवास बेतला जातो. सायंकाळी शहराबाहेर थांबलेला चालक रात्री आत शिरतो, माल उतरेपर्यंत जागा राहतो आणि सकाळची बंदी सुरू होण्यापूर्वी बाहेर पडण्याची घाई करतो.

दुसरे कारण बाजारपेठेचे आहे. नाशवंत मालाचा व्यापार पहाटे होतो. नवी मुंबईतील वाशी येथील बाजार समितीच्या भाजीपाला बाजारात खरेदी-विक्री उजाडण्यापूर्वीच सुरू होत असल्याने जुन्नर, नारायणगाव, नाशिक, सातारा या भागांतील गाड्यांना रात्रीच तेथे पोहोचावे लागते. शेतात दिवसा तोडणी, सायंकाळी भरणी आणि रात्री प्रवास हा क्रम त्यातून ठरतो. उशीर झाला तर भाव पडतो आणि त्याचा ठपका चालकावर येतो. कोल्हापूर-सांगलीकडून मुंबईकडे येणारे दुधाचे टँकर, कोकणपट्टीतील मासळीच्या गाड्या आणि वृत्तपत्रांचे टेम्पो यांचेही असेच आहे. शहरवासीयांच्या दारात सकाळी येणाऱ्या बहुतेक वस्तूंमागे कोणाची तरी जागलेली रात्र असते.

तिसरे कारण मोबदल्याच्या पद्धतीत आहे. भारतात बहुसंख्य चालकांना तासांवर वेतन मिळत नाही. मासिक पगाराची रक्कम तुलनेने लहान असते आणि तिच्यावर प्रत्येक खेपेमागे भत्ता दिला जातो. काही ठिकाणी डिझेल, टोल व जेवण यांसाठी ठोक रक्कम हाती देऊन उरेल ती चालकाची, असा व्यवहार असतो. अशा पद्धतीत थांबणे म्हणजे तोटा होय. महिन्यात एक खेप वाढवायची तर ती झोपेतूनच काढावी लागते. मालकाच्या डोक्यावरही वाहनाच्या कर्जाचा हप्ता असल्याने गाडी उभी राहणे त्याला परवडत नाही.

सरकारी हिशेब व बाजाराचा हिशेब यांतील अंतर ई-वे बिलाच्या नियमातून दिसते. मालाच्या वाहतुकीसाठी आवश्यक असलेल्या या विद्युत-पत्राची वैधता पूर्वी दर १०० किलोमीटरला एक दिवस अशी होती. १ जानेवारी २०२१ पासून ती सर्वसाधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी झाली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर एकट्या चालकाकडून प्रत्यक्षात अपेक्षित असलेले अंतर याहून बरेच अधिक असते.

प्रतीक्षेचे तास

ट्रकचालकाच्या थकव्याचा विचार करताना केवळ चाक हाती असलेले तास मोजले, तर निम्मी गोष्ट सुटते. गोदामाच्या फाटकाबाहेर, बंदराच्या रांगेत, कागदपत्रांच्या खिडकीपाशी आणि हमालांची वाट पाहण्यात जाणारा वेळ मोठा असतो. न्हावा शेवा येथील बंदरात कंटेनर नेणाऱ्या गाड्या, सिमेंट कारखान्यांबाहेरच्या रांगा आणि गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आवारात 'नंबर' लावून उभ्या असलेल्या उसाच्या गाड्या ही याची परिचित उदाहरणे होत. कारखाना चोवीस तास चालतो. आपला नंबर रात्री दोनला येईल की सकाळी सातला, हे चालकाला ठाऊक नसते. रांग पुढे सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते. डोळा लागला तर मागचा भोंगा वाजवतो किंवा पुढे घुसतो.

या वेळेला विश्रांती म्हणावे की काम, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी सगळ्या विषयाचा गाभा आहे. चालक गाडी सोडून जाऊ शकत नाही, मालाची व डिझेलची राखण त्याच्यावर असते आणि सलग झोप मिळत नाही. तरीही मालकाच्या व माल पाठवणाऱ्याच्या हिशेबात तो 'रिकामा' असतो. दहा तास ताटकळल्यानंतर जेव्हा गाडी भरून मिळते, तेव्हा पोहोचण्याची वेळ पुढे ढकललेली नसते. मग गेलेले तास रस्त्यावर भरून काढले जातात आणि तो रस्ता बहुधा रात्रीचा असतो.

रस्त्यावरचे काही अडथळे गेल्या दशकात कमी झाले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील विक्रीकर तपासणी नाके व मुंबईतील जकात संपुष्टात आली. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग अनिवार्य झाल्याने टोलनाक्यांवरील रांगा घटल्या. मात्र नाक्यावर वाचलेला तास चालकाच्या झोपेत जमा होतोच असे नाही. खेपेवर मोबदला असेपर्यंत तो पुढच्या खेपेत जमा होण्याची शक्यता अधिक असते.

झोप, शरीराचे घड्याळ आणि साखरझोप

माणसाची झोप दोन गोष्टींवर अवलंबून असते. जागरणाचे तास वाढत जातात तशी झोपेची निकड वाढते, ही एक. दुसरी म्हणजे सुमारे चोवीस तासांची शारीरिक लय. मेंदूच्या तळाशी असलेले एक लहान केंद्र डोळ्यांवाटे मिळणाऱ्या प्रकाशाच्या आधारे ही लय चालवते. अंधार पडल्यावर मेलॅटोनिन हे संप्रेरक वाढते, शरीराचे तापमान उतरू लागते आणि सतर्कता घटते. या जैविक घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सतर्कतेचा सर्वांत खोल उतार साधारणपणे पहाटे २ ते ५ च्या दरम्यान असतो. दुसरा, सौम्य उतार दुपारी जेवणानंतर येतो. पहाटेच्या या गाढ व गोड झोपेला मराठीत 'साखरझोप' असा स्वतंत्र शब्द आहे, म्हणजे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी भाषेने ही वेळ हेरली होती. घरात अंथरुणावर जी साखरझोप, तीच चालकाच्या आसनावर सर्वांत धोक्याची घटका ठरते. मनोनिग्रहाने हा उतार टाळता येत नाही. सराईत चालकालाही वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यापासून सूट मिळत नाही. शिवाय पाळी रोज बदलत असल्याने त्याच्या शरीराला रात्रीशी जुळवून घेण्याची संधीही मिळत नाही.

जागरणाचा परिणाम मद्याच्या परिणामाशी ताडून पाहणारे प्रयोग ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात झाले. सलग सुमारे १७ तास जागे राहिलेल्या व्यक्तीची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या व्यक्तीइतकी खालावते आणि २४ तासांनंतर ती सुमारे ०.१ टक्के मद्यांशाच्या पातळीला पोहोचते, असे त्यांत आढळले. ०.०५ टक्के म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम. भारतात मोटार वाहन अधिनियमाने घालून दिलेली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे सकाळी ६ ला उठून रात्री ११ नंतरही गाडी चालवणारा, मद्याला न शिवलेला चालक, कामगिरीच्या दृष्टीने कायद्याच्या मद्यमर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो. फरक इतकाच की मद्य श्वासपरीक्षेत सापडते; झोप मोजणारे तसे उपकरण नाक्यावरच्या पोलिसाकडे नसते.

अतिथकव्यात येणारी काही सेकंदांची डुलकी चालकाच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. अनेकदा डोळे उघडे असतानाही मेंदू क्षणभर झोपी जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जातो. तीन सेकंदांच्या डुलकीत तो सुमारे ५० मीटर अंतर कोणाच्याही नियंत्रणाविना कापतो.

दिवसाची झोप ही रात्रीच्या झोपेची भरपाई पूर्णपणे करू शकत नाही. उन्हात तापलेली पत्र्याची केबिन, ढाब्यावरचा गोंगाट, डासांचा त्रास आणि चोरीची भीती यांमुळे ती तुटक होते. अशी अपुरी झोप साचत जाऊन निद्राऋण वाढते. दीर्घकाळ असे जीवन जगणाऱ्यांत लठ्ठपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब व पचनाचे विकार यांची जोखीम वाढलेली आढळते. स्थूल व्यक्तींत अधिक आढळणारा, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार चालकाला पुरेशी झोप घेऊनही दिवसा पेंगुळलेला ठेवतो; त्याची तपासणी भारतातील चालकांत क्वचितच होते. जैविक लय बिघडवणाऱ्या रात्रपाळीच्या कामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये 'संभाव्यतः कर्करोगकारक' या गटात ठेवले.

घाट, सरळ रस्ता आणि अंधार

कोल्हापूरहून रात्री ९ वाजता मुंबईकडे निघालेला भरलेला ट्रक ताशी सरासरी ४५ ते ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर सुमारे ३०० किलोमीटरवरील खंडाळ्याला तो पहाटे ३ ते साडेतीनच्या सुमारास पोहोचतो. मार्गावरील सर्वांत कठीण उतार आणि शरीराची सर्वांत दुबळी वेळ अशा रीतीने एकत्र येतात. उतारावर खालचा गिअर ठेवून, ब्रेक तापू न देता गाडी उतरवायला लागणारा निर्णय व संयम नेमका तेव्हाच कमी पडतो. सायंकाळी भरून निघणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक आणि बोरघाट किंवा कसारा घाट यांचे अंतर यांचा असा मेळ कोणी मुद्दाम घातलेला नाही, पण तो रोज घडतो.

याच्या उलट धोका सरळ रस्त्याचा आहे. नागपूर व मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. वळणे, चौक व वस्ती कमी असलेल्या अशा प्रवेशनियंत्रित मार्गांवर डोळ्यांपुढील दृश्य तासन्‌तास बदलत नाही आणि चालक तंद्रीत जातो. या अवस्थेला 'महामार्ग संमोहन' म्हणतात. ती केवळ रात्रीच येते असे नाही. परंतु अंधारात दिव्यांच्या झोतापुरतेच जग उरत असल्याने ती लवकर येते.

अंधाराचा स्वतंत्र परिणामही आहे. समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रखर झोत डोळ्यांवर पडल्यानंतर दृष्टी पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात व वयानुसार हा काळ वाढतो. रस्त्याकडेला दिवे बंद करून उभा असलेला बिघडलेला ट्रक आणि मागचे परावर्तक नसलेली उसाची ट्रॉली हे महाराष्ट्रातील रस्त्यांवरचे हंगामी संकट आहे. उभी असलेली गाडीही अनेकदा थकव्याचीच खूण असते, कारण थांबण्यासाठी सुरक्षित तळ न मिळाल्याने चालकाने ती कडेला लावून तेथेच डोळे मिटलेले असतात.

अपघातांच्या नोंदी

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या अहवालात वाहतूक नियमभंगानुसार अपघातांची वर्गवारी दिलेली असते. अतिवेग, मद्य वा अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालवणे, चुकीच्या बाजूने जाणे, लाल दिवा ओलांडणे, मोबाइलचा वापर आणि 'इतर', असे तिचे रकाने आहेत. २०२२ मधील सुमारे ७२ टक्के अपघात अतिवेगाच्या रकान्यात गेले. झोप वा थकवा असा रकानाच या यादीत नाही.

झोपेमुळे झालेल्या अपघाताच्या काही खुणा तज्ज्ञ सांगतात. अपघात रात्री उशिरा किंवा पहाटे झालेला असतो, रस्त्यावर ब्रेक लावल्याच्या खुणा नसतात, गाडी एकटीच रस्ता सोडते किंवा पुढच्या वाहनावर मागून आदळते आणि चालक एकटा असतो. परंतु पंचनाम्यात 'भरधाव वेगाने व हयगयीने वाहन चालवून' हे ठरीव वाक्य लिहिले गेले की पुढचा तपास चालकाच्या दोषापाशी थांबतो. गाडी कुठे किती तास उभी होती आणि त्याला निघायला कोणी सांगितले, हे विचारले जात नाही.

भारतातील कायदा

मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ हा या विषयावरील मूळ भारतीय कायदा होय. त्याने प्रौढ कामगारासाठी दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर सक्षम प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने ती अनुक्रमे १० व ५४ तासांपर्यंत वाढवता येत असे. सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग ९ तासांचा खंड, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन, अशा तरतुदी त्यात होत्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ ने चालकांच्या कामाच्या तासांसाठी याच कायद्याचा हवाला दिला.

कागदावर हे नियम पुरेसे दिसतात. त्यांतील दोन फटी मात्र महत्त्वाच्या आहेत. हा कायदा पाच किंवा अधिक मोटार वाहतूक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता. भारतीय मालवाहतुकीचा मोठा हिस्सा एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या हाती असल्याने आणि त्यांतील कित्येक जण स्वतःच चालक असल्याने ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, तेच बाहेर राहिले. दुसरी फट 'कामाचे तास' या व्याख्येत होती. गाडी चालू असतानाचे काम व त्यास पूरक काम यांबरोबर स्थानकावरील नुसत्या हजेरीचा काळ तिने कामात धरला, पण तो १५ मिनिटांहून कमी असेल तरच. रांगेतल्या दहा तासांना या व्याख्येत जागा मिळणे अवघड होते.

राष्ट्रीय परवान्याच्या वाहनांवर दोन चालक असावेत व दुसऱ्यास आडवे होण्याची सोय असावी, अशी अट केंद्रीय मोटार वाहन नियमांत होती. २०१८ मधील दुरुस्तीने दोन चालकांची सक्ती काढून टाकण्यात आली. १९६१ चा अधिनियम २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

इतर देशांतील नियमन

युरोपीय संघात दिवसाला ९ तास (आठवड्यातून दोनदा १० तास), आठवड्याला ५६ आणि कोणत्याही सलग दोन आठवड्यांत ९० तास, अशी वाहनचालनाची कमाल मर्यादा आहे; साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते. वाहनातील टॅकोग्राफ हे यंत्र वेग, अंतर व वेळ नोंदवत असल्याने चालकाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. अमेरिकेत सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या अवधीत ११ तास गाडी चालवता येते आणि डिसेंबर २०१७ पासून बहुतेक वाहनांत विद्युत नोंदयंत्र बंधनकारक आहे. १४ तासांचे घड्याळ एकदा सुरू झाले की गोदामातील प्रतीक्षेनेही ते सर्वसाधारणपणे थांबत नाही. जपानने एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आणली, तेव्हा माल पोहोचवायला चालक कमी पडतील, ही चिंता तेथे '२०२४ ची समस्या' या नावाने चर्चिली गेली. इतकी वर्षे ही तूट चालकांच्या झोपेतून भरून निघत होती, हे त्यातून उघड झाले.

ऑस्ट्रेलियाच्या बहुतांश राज्यांतील अवजड वाहन कायद्यात 'जबाबदारीची साखळी' हे तत्त्व आहे. चालकाबरोबरच माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा व स्वीकारणारा यांच्यावरही सुरक्षिततेची कायदेशीर जबाबदारी येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७९ च्या १५३ व्या करारात दिवसाला ९ तास व सलग ४ तास वाहनचालनाची मर्यादा सुचवली आहे. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही.

विश्रांती व प्रचलित उपाय

चहा, तंबाखू, गुटखा, मोठ्याने लावलेली गाणी, खिडकी उघडी ठेवणे, तोंडावर पाणी मारणे हे चालकांचे नेहमीचे उपाय होत. काही भागांत अफूच्या बोंडांच्या चुऱ्यासारखे अमली पदार्थही वापरले जातात. यांतील वारा, गाणी व पाणी यांचा परिणाम काही मिनिटांपुरता असतो. चहा-कॉफीतील कॅफिनचा उपयोग होतो, पण त्यास सुमारे अर्धा तास लागतो. म्हणून सुरक्षित जागी गाडी लावून आधी चहा वा कॉफी घेणे आणि लगेच १५ ते २० मिनिटे झोपणे हा उपाय तज्ज्ञ सुचवतात. झोप त्याहून लांबली तर उठल्यावर काही काळ डोके जड राहते. अशा वेळी लगेच चाक हाती घेणे टाळावे लागते. झोपेचे कर्ज मात्र यातून फिटत नाही.

पूर्वी चालकासोबत क्लीनर असे. तो गाडीची देखभाल करी, घाटात चाकाला उटी लावी आणि रात्री बोलत राहून चालकाला जागे ठेवी. खर्चकपातीत अनेक गाड्यांवरून तो नाहीसा झाला आणि चालक केबिनमध्ये एकटा उरला. ज्या मार्गांवर दोन चालक आळीपाळीने गाडी चालवतात, तेथेही धावत्या गाडीत मिळणारी झोप स्थिर अंथरुणावरील झोपेइतकी सलग नसते.

नव्याने उत्पादित होणाऱ्या साडेतीन टनांवरील मालवाहू वाहनांत वातानुकूलित केबिन बंधनकारक आहे. रस्त्यावरील जुन्या गाड्यांना हा नियम लागू नाही. सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी महामार्गांवरील काही पेट्रोल पंपांवर 'अपना घर' नावाने चालकांसाठी खाटा, स्नानगृहे व जेवणाची सोय सुरू केली आहे. चालकाच्या पापण्यांची हालचाल टिपून इशारा देणारी यंत्रे मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यांत दिसू लागली आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही वाहनचालनाचे तास ठरवून द्यावेत व व्यापारी वाहनांत झोप ओळखणारे संवेदक असावेत, असे मत मांडले. इशाऱ्याचा आवाज आल्यावर गाडी थांबवायची, तर थांबायला जागा लागते आणि थांबल्यामुळे खेपेचा भत्ता कापला जाणार नाही याची हमी लागते; या दोन्ही गोष्टी यंत्रासोबत येत नाहीत.